सायलीस, दिल्लीच्या पत्त्यावर

पूर्णगड, जि. रत्नागिरी
३ ऑगस्ट

चि. सायलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पार्सल आज पोस्टात दिलं. आत काय काय आहे ते आईने वेगळ्या चिठ्ठीत लिहिलंय, म्हणून मी लिहीत नाही. खाण्यापिण्यावर या पत्रात काही लिहायचंच नाही असं ठरवून बसलो होतो. पण ओंकारने सांगितलं ते मनातून जात नाही. ऑफिसात मॅडमनी स्वतःच्या हाताने केक भरवला, तुला सीलिअ‍ॅकचा आजार, गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन तुझ्या आतड्याला चालत नाही, तरी तू तो खाल्लास आणि पुढे तीन दिवस खोलीवर पडून राहिलीस. आम्हाला मात्र फोनवर म्हणालीस, पाऊस फार आहे, घरूनच काम करतेय. आईला हे अजून माहीत नाही.

मी रागावलेलो नाही. नव्या जागी, नव्या माणसांत, सगळे टाळ्या वाजवत असताना तोंडासमोर आलेला घास परत करणं सोपं नसतं, हे मला कळतं. दिल्ली लांब आहे याची मला तेवढी काळजी नाही. तुला नाही म्हणता येत नाही, याची मात्र धास्ती वाटते. लहानपणापासून तू अशीच. बंड्याकाकाच्या लग्नात वाढप्याने तुझ्या पानात आणखी एक लाडू टाकला, तो तू डोळ्यांत पाणी आणून संपवलास. पोर पानात टाकत नाही म्हणून सगळ्यांनी तुझं कौतुक केलं. आजी तेवढी म्हणाली, "हिला कुणीतरी नको म्हणायला शिकवा रे."

आजीचं हल्ली फार आठवतं. ती पोळीला हात लावत नसे. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात, रात्री नाचणीची भाकरी. "गहू मला सोसत नाय" एवढंच म्हणायची आणि घरातले तिला नखरे म्हणायचे. तेव्हा आपल्याकडे गहू होताच कुठे म्हणा. पोळी व्हायची ती सणाला किंवा जावई आला तर. पुढे रेशनवर गहू यायला लागला, मुंबईची माणसं मे महिन्यात येऊन चपात्या मागायला लागली, आणि बघता बघता भाताच्या गावात रोज कणीक मळली जाऊ लागली. आपली गिरण त्याच गव्हावर उभी राहिली. तुझी बारावीची आणि इंजिनिअरिंगची फी त्याच दळणातून गेली. आजीलाही हाच आजार होता की काय, हे आता कुणी सांगू शकणार नाही. पण आपल्याला काय चालतं आणि काय नाही हे तिने ओळखलं आणि शेवटपर्यंत कुणाच्या भिडेला बळी पडली नाही, एवढं मी पाहिलंय.

तुझं निदान व्हायला किती वेळ गेला. तोंड सारखं आलेलं, जिने चढताना धाप, हिमोग्लोबिन ७ वर. लोहाच्या गोळ्यांवर गोळ्या झाल्या. एक डॉक्टर म्हणाले जंत, दुसरे म्हणाले मुलींना असतंच असं, तिसऱ्यांनी क्षयाची शंका काढली. शेवटी कोल्हापूरच्या डॉक्टरांनी रक्ताची टीटीजी, म्हणजे या आजाराची खूण शोधणारी तपासणी सांगितली आणि मग दुर्बिणीतून लहान आतड्याचे तुकडे काढून तपासायला पाठवले. ते होईपर्यंत गहू सोडायचा नाही, नाहीतर तपासणी खोटी पडेल, असं त्यांनी बजावलं होतं. ज्याने त्रास होतो तेच मुकाट्याने खायचं, असे ते दिवस होते. तू एकदाही कुरकुर केली नाहीस. मला त्याचा अभिमानही वाटतो आणि भीतीही.

त्यांनी आतड्याचा फोटो दाखवला तेव्हा मला लगेच समजलं. चांगल्या आतड्याला आतून बारीक बोटांसारखे उंचवटे असतात, तुझे झिजून सपाट झाले होते. टाकी गेलेला, खाचा झिजलेला गिरणीचा दगड असतो ना, तसं. दाणा वरून पडतो, खालून तसाच जातो. अन्न पोटात जायचं आणि अंगी लागायचं नाही, मग गोळ्या तरी कुठून लागणार? पण दगडाला टाकी आपण मारून घेतो, आतडं मात्र गहू थांबला की आपलं आपण भरून येतं. वर्षभरात तुझं हिमोग्लोबिन ७ वरून १२ वर गेलं, तेव्हा तो कागद मी गिरणीत येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला. आई म्हणाली, पुरे आता.

त्या डॉक्टरांनीच मला डच डॉक्टर विलेम डिके यांची गोष्ट सांगितली होती. अशी मुलं गव्हाने आजारी पडतात असा त्यांना आधीपासून संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, माणसं भुकेने मरत होती, आणि त्यांच्या वॉर्डातली ही मुलं सुधारत होती. पाव परत आला तशी पुन्हा खालावली. १९५० साली त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. तोपर्यंत अशा मुलांचे आईबाप काय काय करून पाहत असतील, हे गिरणीत बसल्या बसल्या कितीदा तरी मनात येतं. आपल्याला निदान काय टाळायचं ते तरी माहीत आहे. औषध नाही, पण उपाय आहे आणि तो तुझ्याच हातात आहे. म्हणून तर तो केक मला टोचतो.

तू म्हणशील, एवढासा तुकडा. अगं, मी पिठातला माणूस आहे, एवढंसं किती असतं ते मला विचार. दिवसाला ५० मिलिग्रॅम ग्लुटेन महिनोन्‌महिने पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते. कणकेत साधारण दहावा हिस्सा ग्लुटेन धर, म्हणजे अर्धा ग्रॅम कणीक. चिमटीत मावते. पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही असा आपल्याकडे नियम आहे, तो उगाच नाही. आणि त्रास झाला नाही म्हणजे आत काही झालं नाही, असंही नसतं.

म्हणूनच मागच्या पडवीत वेगळी चक्की बसवली. तिच्यात तांदूळ, नाचणी आणि डाळी, गव्हाचा दाणा नाही. लोक म्हणाले, मुलगी दिल्लीला निघाली आणि हा इथे चक्की बसवतो. बसवली. पुढच्या गिरणीत गव्हाच्या पिठाचा धुरळा हवेत तासन्‌तास तरंगतो, तो नाकातोंडातून पोटात जातोच. तू वजनाच्या काट्यावर बसून पाढे म्हणायचीस ती जागा अजून तशीच आहे, पण सुट्टीला आलीस की दारातूनच बोलायचं, हे पक्कं. दिल्लीत तांदळाचं किंवा बेसनाचं सुटं पीठ घेऊ नकोस. त्याच चक्कीवर आधी काय दळलं, हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि तू विचारणार नाहीस. नवरात्रात तिकडे कुट्टूचं, शिंगाड्याचं पीठ मिळतं. त्यात गहू नसतो, पण चक्की कुणाची ते बघ. मोमो मैद्याचे. सोया सॉसमध्ये बहुतेक गहू असतो. माल्ट लिहिलेलं असलं की बहुधा सातू, म्हणजे जव, तोही तुला चालत नाही. ओट्सही साध्या पाकिटातले नकोत. सामोसे तळलेल्या तेलात तळलेले बटाटेसुद्धा नकोत. तवा, पोळपाट, चाळण आणि लाकडी पळी स्वतःची ठेव, वर नाव लिही. लाकूड नुसतं धुऊन पीठ जात नाही.

बघ, लिहायचं नाही म्हणत म्हणत पानभर लिहिलं. हे सगळं तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे. राग मानू नकोस.

तुझी खोलीवरची भटिंड्याची मैत्रीण म्हणाली म्हणे की तिच्या मावसभावाला हेच आहे. हे ऐकून फार बरं वाटलं. उत्तरेत शंभरात एकाला हा आजार सापडतो, दक्षिणेत हजारात एकाला, त्यामुळे तिकडे सांगितलं की समजतं. इथे आपल्याला अजून प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागतं. वरच्या घरच्या काकूंकडचा सत्यनारायण आठवतो ना? रव्याचा शिरा हातावर ठेवून म्हणाल्या, "प्रसादाने काय होत नाय गो." तू माझ्याकडे बघितलंस. मी मान हलवली, तरी तू खाल्लासच. देवाचा अपमान होईल असं तुला वाटलं. कपाळाला लाव आणि शेजारच्याच्या हातावर ठेव, एवढं केलं तरी पुरतं. यंदा काकूंनी आपणहून तांदळाच्या रव्याचा शिरा केला. मला म्हणाल्या, "सायलीला कळवा." म्हणून कळवतोय. माणसं वाईट नसतात गं. आपण तोंड उघडून सांगितलं की शिकतात. तुझ्या मॅडमही शिकतील.

आत्याने एक स्थळ आणलंय, चिपळूणचं. मुलगा चांगला आहे म्हणते. आईचं म्हणणं, आजाराचं आधी बोलू नये, पुढे बघता येईल. मी आत्याला सांगितलं, पहिल्या भेटीत पहिली गोष्ट हीच सांगायची. लपवून केलेल्या घरात तू रोज त्यांच्या ताटात बसशील आणि रोज भिडेने गिळशील. मला ते नको. तुला आत्ता लग्नाचा विचारही करायचा नसेल तर तसं सांग. मी आत्याला सांभाळून घेईन. तिथेही नाही म्हणायला लाजू नकोस.

तिथे पोटाच्या चांगल्या डॉक्टरांना एकदा दाखवून ठेव. वर्षातून एकदा टीटीजी, हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड. हाडं ठिसूळ होतात म्हणून कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं ते तुझ्या लक्षात आहे. पथ्य न पाळल्यास क्वचित पुढे काय होऊ शकतं तेही त्यांनी सांगितलं होतं, ते मी लिहीत नाही. आई खोलीबाहेर होती तेव्हा. तू आणि मी ऐकलंय.

आता जरा दुसरं. तू पहिल्या महिन्यात काढलेला नकाशा ओंकारने मोबाइलवर दाखवला. यमुनेचा पूर कुठवर चढतो ते रंगांनी दाखवलंयस. मी तो रत्नागिरीला जाऊन मोठ्या कागदावर छापून घेतला आणि गिरणीत लावलाय. पिठाने पांढरा होईल म्हणून वर प्लास्टिक घातलंय. दळणाला येणारी माणसं विचारतात, हे काय? मी सांगतो, आमच्या सायलीने काढलंय, दिल्लीला असते. आपल्या वाडीतून नोकरीसाठी एवढ्या लांब एकटी गेलेली पहिली मुलगी तू. मंगला एक्स्प्रेस सुटली तेव्हा तू रडली नाहीस, आई रडली. मला गाडी सुटताना एवढंच वाटलं की डब्यात कुणीतरी पुरीभाजी पुढे करेल आणि ही घेईल.

पार्सलमधलं मेतकूट नवीन आहे. जुन्यात गहू असायचा, आईने या खेपेला तांदूळ, हरभरा डाळ आणि उडीद डाळीचंच केलंय. हिंग घातलेला नाही, डबीतला हिंग बहुतेक वेळा मैद्यात बांधलेला असतो. तिकडच्या आमटीतही तो असणार, विचारून घे. कुळथाची पिठी, नाचणी आणि तांदळाचं पीठ मागच्या चक्कीवरचं आहे, मी स्वतः दळलंय. आमसुलं, फणसपोळी आणि काजू आहेत. भटिंड्याच्या मैत्रिणीला घावन करून घाल.

गणपतीला सुट्टी मिळते का विचारून ठेव. उकडीचे मोदक, पातोळ्या, शिरवाळे, वाटली डाळ, तुझ्यासाठी सगळंच आहे. करंज्या यंदा करायच्याच नाहीत असं आईने ठरवलंय. मी तिला म्हटलं, ओंकारने काय पाप केलंय, कर थोड्या, शेजारी करून आण. बघू काय करते.

केकचं मी आईला सांगणार नाही. पण पुढच्या वेळी कुणी घास पुढे केला तर हात जोडून सांग, मला डॉक्टरांनी गहू बंद केलाय. एवढं एक वाक्य. आरशासमोर म्हणून बघ, हिंदीतही म्हणून बघ. आणि कधी चुकून गेलंच पोटात, तर मला फोन कर. रात्री कर, कितीही वाजता कर. मी काही बोलणार नाही, फक्त ऐकेन.

तुझे,
बाबा

ता.क. : माझी आणि ओंकारची टीटीजी ठीक आली. ओंकारची काही वर्षांनी पुन्हा करायला सांगितलीय, कारण हे पुढेही उद्भवू शकतं. आईने मात्र अजून रक्त दिलेलं नाही. जवळच्या नात्यात दहा-पंधरांत एकाला निघतं म्हणतात, आणि तिलाही हल्ली धाप लागते. मी रत्नागिरीला चल म्हटलं की भाताची बेणणी पुढे करते. रविवारी फोन करशील तेव्हा तू सांग. तुझ्या शब्दाला ती नाही म्हणत नाही.