सूचना : शनिवारी येताना गणिताच्या उत्तरपत्रिका आणा

नव्याने रुजू झालेल्या सर्व शिक्षक सदस्यांसाठी. येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, दुपारी २ वाजता, पंचवटीत नेहमीच्या जागी बसायचं आहे. पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्यांना उशीर झाला तरी चालेल.

सोबत पायाभूत चाचणीच्या (वर्षाच्या सुरुवातीला घेतो ती) गणिताच्या उत्तरपत्रिका हव्यात. नुसता गुणतक्ता नको, त्यातून उद्या काय शिकवायचं ते कळत नाही. ५२ − २७ चं उत्तर ३५ लिहिणारा एककात २ मधून ७ जात नाहीत म्हणून उलट मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय. त्याला दशक सुटा करणं, म्हणजे एका दशकाचे दहा एकक करणं, काड्यांच्या गठ्ठ्यांवर दाखवावं लागेल. २६ लिहिणारा बहुधा फक्त मोजताना चुकलाय. गुण दोघांनाही शून्यच!

प्रश्नवार चुकांचा तक्ता घरूनच करून आणा. निम्म्याहून अधिक वर्ग चुकला तो घटक सगळ्यांना पुन्हा शिकवायचा. चार-पाच जणच चुकले तर त्यांचा वेगळा गट. शाब्दिक उदाहरणात सगळेच अडले असतील, तर आधी प्रश्नाची भाषा तपासा. घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलांचं गणित पक्कं असूनही वाक्य कळलेलं नसतं.

तक्त्यात मुलांची नावं नकोत, हजेरी क्रमांक पुरे. आणि उत्तरपत्रिकांचे फोटो कृपया ग्रुपवर टाकू नका.