मिलिंदला पत्र: एक खेळणं, चार बाजार

प्रिय मिलिंद,

तुझं पत्र परवा मिळालं आणि बेत वाचून मजा वाटली. लाकडी खेळणी ॲमेझॉनवर, ईबेवर, हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्या एट्सीवर, आणि तीही अमेरिका, ब्रिटन, जर्मनीत एकाच महिन्यात! वर विचारतोस, ‘एका क्लिकवर सगळीकडे माल चढवणारं सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?’

सॉफ्टवेअरचं नाव या पत्रात मिळणार नाही. माल चढवणं हा या धंद्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. चढवलेलं प्रत्येक पान वर्षभर खरं ठेवणं, त्यावरचं माप, वय, किंमत, शिल्लक, इशारा बरोबर असणं, यातच कंबर मोडते. सॉफ्टवेअर तुझ्याकडची माहिती इकडून तिकडे नेतं, बस. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

तेव्हा आधी स्वतःची एक मूळ शीट कर. ती कुठल्याही मार्केटप्लेसच्या खात्यात ठेवू नकोस, तुझ्याकडे ठेव. खातं उद्या बंद पडलं तरी शीट तुझीच राहते. एका ओळीत एक विकता येणारी वस्तू: लाल गाडी एक ओळ, निळी गाडी दुसरी, दोघींचा संच तिसरी. प्रत्येकीला तू दिलेला एसकेयू, म्हणजे तुझा स्वतःचा ओळख-क्रमांक. तो एकदा दिला की बदलायचा नाही, आणि ती वस्तू बंद झाली तरी दुसरीला द्यायचा नाही. एसकेयूत देशाचं नाव, किंमत असलं काही कोंबू नकोस, किंमत बदलली की तो खोटं बोलायला लागतो. मग मोजलेलं माप, खोक्यासकट वजन, लाकूड कोणतं, रंग कोणता, कुठे बनलं, आणि कस्टमसाठी एचएस कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा आकडा. खेळण्यांचा ९५०३ पासून सुरू होतो. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे ज्या त्या देशाचे; अमेरिका दहा आकडे मागते.

बारकोडचे आकडे ते अधिकृतपणे देणाऱ्या जीएस१ या संस्थेकडूनच घे. स्वस्तात आकडे विकणारे भेटतील, पण ॲमेझॉन ते जीएस१ च्या नोंदींशी ताडून बघतं आणि मालक दुसराच निघाला की लिस्टिंग, म्हणजे वस्तूचं विक्रीचं पान, अडतं. एट्सीला बारकोड लागत नाही. ॲमेझॉनवरही सूट मागता येते, पण ती रीतसर अर्ज करून. आणि हा कॉलम एक्सेलमध्ये आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेव. नाहीतर यूपीसी या बारकोडच्या बारा आकड्यांतलं सुरुवातीचं शून्य गळून पडतं, किंवा आकडा ई+११ असल्या रूपात दिसतो आणि सीएसव्ही (माल चढवायची साधी मजकूर-फाइल) जतन केली की मूळ आकडे कायमचे जातात. जर्मन सेटिंगच्या संगणकावर तीच फाइल उघडलीस तर दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो आणि कॉलम अर्धविरामाने तोडलेले असतात. तिथे १.२९९ म्हणजे एक हजार दोनशे नव्व्याण्णव. किंमत चढवण्याआधी हे एकदा डोळ्यांनी बघ. मला विचारशील तर निम्म्या भानगडी याच पायरीवर जन्माला येतात आणि लोक उगाच मार्केटप्लेसच्या नावाने बोटं मोडतात.

आता तुझ्या शीटमधला सगळ्यात महागडा कॉलम. ‘वय: २+’ असं तू सरसकट लिहिलं आहेस. गिऱ्हाइकाला सोयीचं जावं म्हणून लिहिलंस हे कळतं, पण खेळण्याच्या लिस्टिंगमध्ये वय भरलं की पाठोपाठ कायदा येतो. अमेरिकेत २००८ च्या कायद्यानुसार बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीची वस्तू मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्यावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र तुझ्याकडे असावं लागतं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात सुटे बारीक भाग असले तर ते विकायलाच बंदी. तीन ते सहा वयोगटासाठी असे भाग चालतात, पण घशात अडकण्याचा इशारा लागतो, आणि तो नुसता खोक्यावर देऊन भागत नाही, जिथून खरेदी होते त्या पानावरही दिसला पाहिजे. युरोपात वयाची रेघ चौदाला आहे: त्याखालच्या मुलांसाठीचं खेळणं म्हटलं की सीई खूण (युरोपचे सुरक्षेचे नियम पाळल्याची) आणि त्यामागची सगळी कागदपत्रं. चाचण्या साधारणपणे ईएन ७१ या मानकाप्रमाणे होतात.

तुझ्या मनात लगेच येईल की मग सगळीकडे ‘३+’ लिहून टाकू. ते चालत नाही. दोरीने ओढायची बदकाची गाडी दीड वर्षाच्या मुलासाठीच असते, हे बघणाऱ्याला कळतं. युरोपचा नियम तर स्पष्ट सांगतो की खेळणं ज्यासाठी उघड उघड आहे त्याच्या विरुद्ध जाणारा इशारा त्यावर लावायचा नाही. म्हणून बदक, खुळखुळा आणि रचायचे ठोकळे यांच्या तीन वेगळ्या ओळी कर, प्रत्येकीचं वय खेळण्याकडे बघून ठरव, आणि त्या शेजारी चाचणीच्या अहवालाचा क्रमांक लिही. अहवाल नसेल तर ती जागा रिकामी राहू दे आणि ती वस्तू त्या देशात चढवू नकोस. मार्केटप्लेस कधीही, काही पूर्वसूचना न देता, हे कागद मागतं आणि तोवर पान झाकून ठेवतं.

युरोपाचं आणखी एक. १३ डिसेंबर २०२४ पासून तिथे वस्तूंच्या सुरक्षिततेचा नवा नियम लागू आहे. पानावर उत्पादकाचं नाव, पत्ता, ईमेल हवा, आणि उत्पादक युरोपियन युनियनबाहेरचा असेल तर युनियनच्या आतल्या जबाबदार व्यक्तीचाही. इशारे त्या देशातल्या गिऱ्हाइकाला समजणाऱ्या भाषेत. ही जबाबदार व्यक्ती म्हणजे पैसे देऊन घ्यायची सेवा आहे, तेव्हा खर्चात धर. जर्मनीत खोकी, कागद अशा वेष्टनाची ‘लुसिड’ नावाची नोंदणी वेगळी, आणि २०२२ च्या जुलैपासून मार्केटप्लेसनेच तो क्रमांक तपासायचा आहे. क्रमांक नाही तर विक्री नाही. म्हणून म्हणतो, जर्मनी शेवटी घे.

मजकुराबद्दल थोडक्यात. एकच नाव सगळीकडे चिकटवता येत नाही, जागाच तेवढी नसते. ईबे ८० अक्षरं देतं, एट्सी १४० आणि वर वीस-वीस अक्षरांचे तेरा टॅग (शोधासाठीचे शब्द), ॲमेझॉन बहुतेक वर्गांत २००. तिथे जानेवारी २०२५ पासून एकच शब्द दोनदापेक्षा जास्त घालता येत नाही, म्हणजे ‘लाकडी लाकडी लाकडी’ हा जुना खेळ संपला. मी आधी ८० अक्षरांतलं नाव लिहितो. त्यात वस्तू काय आहे हे बसलं की बाकीच्या ठिकाणी भर घालणं सोपं जातं. ॲमेझॉनच्या आतल्या शोधशब्दांची मर्यादा बाइटमध्ये मोजतात, त्यामुळे जर्मन टिंबवाली अक्षरं दुप्पट जागा खातात आणि इंग्रजीत मावलेली यादी तिकडे मावत नाही. फोटोंवर अक्षरं छापू नकोस, प्रत्येक भाषेसाठी नवे करावे लागतील. पहिला फोटो शुद्ध पांढऱ्या पार्श्वभूमीवर घेतलास की ॲमेझॉनलाही चालतो आणि बाकीच्यांनाही. मापं इंचात देताना ११.८१ असलं काही लिहू नकोस, कोणी पट्टीवर तेवढं बघत नाही.

एक फरक मात्र लक्षात ठेव. ईबे-एट्सीवर पान तुझं असतं. ॲमेझॉनवर पान वस्तूचं असतं आणि तू त्यावर आपली ऑफर लावतोस. तिथे ब्रँडची नोंदणी नसेल तर तुझं वर्णन दुसऱ्याच कुणाच्या मजकुराखाली दबू शकतं. खेळणी तुझ्या स्वतःच्या नावाची आहेत, तर त्या नोंदणीसाठी लागणाऱ्या ट्रेडमार्कचं काम आत्ताच हाती घे, त्याला वेळ लागतो.

किंमत विनिमयदराने गुणून काढायची नाही. युरोप आणि ब्रिटनमध्ये गिऱ्हाइकाला दिसणारी किंमत कर धरून असते, अमेरिकेत विक्रीकर शेवटी वरून लागतो. १५० युरोपर्यंतच्या बाहेरून येणाऱ्या मालावर जुलै २०२१ पासून व्हॅट बहुधा मार्केटप्लेसच वसूल करतं, ब्रिटनमध्ये ही रेघ १३५ पौंडांना आहे. मात्र माल त्यांच्या तिकडच्या गोदामात ठेवलास की गणित बदलतं, कारण जिथे साठा तिथे व्हॅटची नोंदणी. ‘सगळ्या युरोपात साठवा’ हा पर्याय खात्यात एका टिचकीवर असतो, त्याला हात लावू नकोस. आणि अमेरिकेत ८०० डॉलरखालच्या पार्सलला जी शुल्कमाफी होती ती २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्याच देशांसाठी उठली. तुझ्या जुन्या हिशेबात ती अजून धरलेली दिसते.

साठ्याचं सांगतो. तुझी खेळणी हाताने बनतात, एकेका रंगाची पाच-सात नगं. तीच पाच नगं चार ठिकाणी दाखवलीस आणि दोन ऑर्डर एकाच तासात आल्या की एक रद्द करावी लागणार. ॲमेझॉनला रद्द केलेल्या ऑर्डर अडीच टक्क्यांच्या आत हव्या असतात. तुझ्यासारख्या लहान विक्रेत्याला तेवढं ओलांडायला फार ऑर्डर लागत नाहीत. इथे सॉफ्टवेअर खरंच कामाचं आहे, पण तेही क्षणात सगळीकडे पोचत नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी एखादं नग कमी दाखव. शेवटचं नग फक्त एकाच बाजारात ठेव. माल संपला तर ईबेवर पान बंद करू नकोस, संख्या शून्य करायची सोय आहे ती चालू कर. पान झाकलं जातं, पण आधीच्या विक्रीची नोंद टिकते.

आपोआप सिंकबद्दल, म्हणजे सॉफ्टवेअरने सगळी पानं स्वतःहून एकसारखी करण्याबद्दल, मी जरा संशयी आहे. माझ्या ओळखीतल्या एकीने जर्मन पानावरचा इशारा हाताने दुरुस्त केला आणि रात्री सिंकने इंग्रजी पानावरून जुना मजकूर पुन्हा त्यावर ओतला. बरेच दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. संख्या आणि किंमत सिंकला दे, मजकूर देऊ नकोस. मजकूर बदलला की शीटमध्ये तारीख टाक आणि महिन्यातून एकदा प्रत्येक देशाचं पान गिऱ्हाईक बघतं तसं, लॉग-इन न करता, उघडून बघ.

परत येणाऱ्या मालाचं आत्ताच ठरव. युरोप-ब्रिटनमध्ये ऑनलाइन खरेदीला चौदा दिवस कारण न देता परतीचा हक्क आहे, आणि समुद्रापलीकडून परत मागवायचा खर्च कित्येकदा खेळण्यापेक्षा जास्त होतो. ठोकळ्यांच्या लहान संचाला मी तर पैसे परत देऊन वस्तू त्यांच्याकडेच राहू देईन.

माझं ऐकशील तर आधी एट्सी, एकच देश, दहा-बारा वस्तू. ऑर्डरी सुरळीत जायला लागल्या की ईबे. ॲमेझॉन बारकोड आणि ट्रेडमार्क हातात आल्यावर, जर्मनी सगळ्यात शेवटी. शीट तयार झाली की मला पाठव, वयाचा आणि चाचणीचा कॉलम मी स्वतः तपासतो. जर्मन मजकूर वाचून देणारं कुणीतरी माझ्या नजरेत आहे, विचारून कळवतो. तोवर प्रयोगशाळेकडून तिन्ही खेळण्यांचे दर मागवून ठेव, आणि रंगाच्या डब्यांवरचे बॅच क्रमांक फेकू नकोस, ते विचारतील.

तुझा,
नंदू