तडतड नेमकी कुठे जन्मते?

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. गाणं लावलं की मधूनच तडतड होते, ड्रायव्हर दोनदा टाकून झाला, आता विंडोजच नव्याने टाकावी म्हणतोस. एवढ्यात नको. त्यात अख्खा दिवस जाईल, आणि दोष वायरीत असला तर कोऱ्या विंडोजवरही तीच तडतड तुला ऐकू येईल. आधी ती कुठे जन्मते ते धरायचं, औषध मग.

आवाजाचा रस्ता डोळ्यासमोर आण. गाण्याची फाइल किंवा ब्राउझर, मग सगळे आवाज एकत्र मिसळणारा विंडोजचा मिक्सर, मग ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा प्रोग्राम, मग साउंड चिप. चिपमध्ये आकड्यांची वीज होते, तो भाग म्हणजे डीएसी. तिथून पुढे जॅक, वायर, स्पीकर. डीएसीच्या अलीकडे फक्त आकडे आहेत, पलीकडे फक्त वीज. दोन्हीकडची तडतड कानाला सारखीच वाटते, पण उपाय अगदी वेगळे. लोक फसतात ते इथेच: वायरीच्या दुखण्यावर ड्रायव्हर बदलत बसतात.

म्हणून संगणकाला हात लावण्याआधी चार गोष्टी बघ. तोच हेडफोन दुसऱ्या उपकरणाला लाव. दुसरा हेडफोन या संगणकाला लाव. काहीही वाजत नसताना कान देऊन ऐक: शांततेतही खरखर असेल तर ती विजेची बाजू, कारण आकडेच वाहत नसताना आकडे चुकणार कुठून? चौथी गोष्ट फारसं कोणी बघत नाही. तडतड दोन्ही कानांत एकाच क्षणी येते की एकाच कानात? आकडे तुटतात तेव्हा डावं-उजवं दोन्ही एकदम तुटतं. एकाच कानात येत असेल तर बहुतेक पिन, जॅक किंवा वायर.

आवाजाची जातही ओळखायला शीक, आपल्याकडे त्याला शब्दांची कमी नाही. मधूनच 'टक्', नंतर काही वेळ साफ, पुन्हा दोन-तीन टक् सलग: बफर, म्हणजे पुढचा आवाज आधीच भरून ठेवायची जागा, रिकामा पडतोय. घड्याळासारखी अगदी ठरावीक अंतराने टकटक: दोन उपकरणांची घड्याळं जुळत नाहीत, किंवा एक ४४,१०० हर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे तेवढे आकडे) आणि दुसरं ४८,००० वर बसलंय. फक्त ठेका किंवा गायकाचा स्वर चढला की आवाज फाटतो: ती तडतड नव्हे, क्लिपिंग. अखंड घूं: अर्थिंगचा घोळ. माउस हलवला की बारीक किरकिर: तीही विजेचीच. नॉब फिरवतानाच खरखर: नॉबमध्ये धूळ. आणि गाणं सुरू होताना एकच टक् होऊन पुढे सगळं स्वच्छ असेल, तर चिप वीज वाचवायला झोपली होती ती जागी झाली. त्याच्या मागे लागू नकोस.

तरी संशय राहिला तर डोळ्यांनी बघ. ऑडॅसिटी हा आवाज रेकॉर्ड करायचा प्रोग्राम फुकट मिळतो. त्यात जनरेट मेनूतून साइन टोन तयार कर: ४४० हर्ट्झ, अँप्लिट्यूड ०.३, दोन मिनिटं. ती वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढ आणि दुसऱ्या प्लेअरमध्ये वाजव, आवाज हळू ठेवून. एकसुरी टोनमध्ये गाण्यात लपणारं टक्ही स्पष्ट ऐकू येतं. वाजत असताना ऑडॅसिटीत होस्ट म्हणून वासापी (विंडोजचाच आवाज देण्या-घेण्याचा मार्ग) निवड, रेकॉर्डिंगच्या यादीत तुझ्या स्पीकरच्या नावापुढे 'लूपबॅक' लिहिलेलं दिसेल ते घे आणि रेकॉर्ड कर. हा माइकमधला आवाज नव्हे. विंडोजने मिसळून ड्रायव्हरकडे पाठवायला काढलेला आवाज आहे. टक् ऐकू आलं की त्या क्षणाची वेळ कागदावर टिपून ठेव.

मग त्या वेळेपाशी जाऊन लाट ताणत न्यायची, एकेक टेकडी वेगळी दिसेपर्यंत. ४४० हर्ट्झची एक पूर्ण लाट सुमारे २.२७ मिलिसेकंदांची असते, गुळगुळीत चढ आणि गुळगुळीत उतार. जिथे तुटतं तिथे रेघ मध्येच कापून उभी वर किंवा खाली उडी मारते, नाहीतर काही मिलिसेकंद शून्यावर सपाट पडून पुन्हा सुरू होते. क्लिपिंग बघायचं तर हेच एखाद्या गाण्यावर कर: टेकड्यांचे माथे सुरीने कापल्यासारखे सपाट दिसतात. रेकॉर्डिंगमध्ये तुटलेलं दिसलं तर दोष प्लेअर, ब्राउझर किंवा मिक्सरचा. कानाला टक् आलं पण रेकॉर्डिंग स्वच्छ, तर दोष त्याच्या पुढे: ड्रायव्हर, यूएसबी किंवा वायर. अर्धा रस्ता एका झटक्यात वगळला जातो.

आता बफरचं. ४८,००० हर्ट्झला दर सेकंदाला ४८,००० नमुने, म्हणजे आवाजाचे आकडे, लागतात. विंडोज साधारणपणे १० मिलिसेकंदांचे, म्हणजे ४८० नमुन्यांचे घास भरवते. पुढचा घास वेळेत आला नाही की चिपकडे वाजवायला काही उरत नाही आणि टक् होतं. प्रोसेसर कमजोर असण्याशी याचा संबंध कमी. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर पाच टक्क्यांवर असतानाही तडतड होते, कारण एखादा उद्धट ड्रायव्हर काही क्षण प्रोसेसर अडवून बसतो आणि आवाजाचं काम रांगेत ताटकळतं. त्या थोड्या वेळाची टक्केवारीत नोंदही दिसत नाही.

हा उद्धट कोण ते लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्राम सांगतो. सुरू कर, हिरवं बटण दाब आणि तडतड होईल असंच काम करत निदान दहा मिनिटं चालू दे. दोन मिनिटांच्या निकालावर विसंबू नकोस. मग ड्रायव्हर्सच्या टॅबमध्ये सर्वांत जास्त वेळ घेतल्याच्या रकान्यावर क्लिक करून यादी उतरत्या क्रमाने लाव. आकडा काही शे मायक्रोसेकंदांत असेल तर सोड. २,००० च्या पुढे, म्हणजे २ मिलिसेकंद, वारंवार जात असेल तर गुन्हेगार तोच. एनडीआयएस यादीत वर असेल तर नेटवर्क, बहुतेक वेळा वायफाय. एनव्हीएलडीडीएमकेएम म्हणजे एनव्हिडियाचा ग्राफिक्स ड्रायव्हर. स्टोरपोर्ट म्हणजे डिस्क. एसीपीआय म्हणजे वीज-बॅटरीचा कारभार. डब्ल्यूडीएफ ०१००० दिसलं तर लगेच त्याला दोष देऊ नकोस. ती अनेक ड्रायव्हरांची सामाईक ओसरी आहे, आत बसलेला कोणी वेगळाच असतो. तेव्हा यूएसबीची उपकरणं एकेक काढून बघ.

वायफायवर संशय आला तर नुसतं बंद करून भागत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ते कार्डच डिसेबल कर आणि मग ऐक. तडतड थांबली तर कार्ड बनवणाऱ्याचा नवा ड्रायव्हर टाक. नव्यानेच बिघडलं असेल तर जुन्यावर परत जा. ग्राफिक्सचंही तसंच, शिवाय त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर मॅनेजमेंट जास्तीत जास्त कामगिरीवर ठेवून बघ. विंडोजचा पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स' कर आणि त्यातलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद कर. बायोसमधल्या सी-स्टेट्स, म्हणजे प्रोसेसरच्या वीज वाचवायच्या झोपा, बंद करायचा सल्ला सर्रास मिळतो. कधीकधी लागूही पडतो, पण वीज आणि उष्णता दोन्ही वाढतात, म्हणून तो शेवटचा उपाय. आणि एका वेळी एकच बदल! पाच गोष्टी एकदम बदलून तडतड गेली तर कशाने गेली ते कळत नाही, आणि पुढच्या अपडेटला परत आली की पुन्हा पहिला पाढा.

गाणी रेकॉर्ड करणार असशील तर हे सगळं जास्त कडक होतं. तिथे बफर १२८ नमुन्यांवर ठेवला की हातात जेमतेम २.७ मिलिसेकंद उरतात. ५१२ वर नेलास तर १०.७ मिळतात. वाजवताना कमी ठेव, नंतर मिक्स करताना १,०२४ कर. तेव्हा उशीर चालतो.

सेटिंग्जचं थोडक्यात. सिस्टीममधल्या साउंडमध्ये आउटपुट उपकरण उघड आणि ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद कर. बास वाढवणं, आवाज समतल करणं असली कलाकुसर बऱ्याचदा मुळावर येते. तिथेच फॉर्मॅट २४ बिट ४८,००० हर्ट्झवर ठेव. १,९२,००० ठेवून कानाला काही जादा मिळत नाही, ड्रायव्हरवर ओझं मात्र येतं. इक्वलायझर वापरत असशील तर जेवढे डेसिबल चढवलेस तेवढेच त्याच्या प्रीअँपमध्ये, म्हणजे एकूण पातळीत, उतरव. ६ डेसिबल चढवणं म्हणजे लाटेची उंची जवळजवळ दुप्पट, आणि आकड्यांना शून्य डेसिबलच्या वर जागाच नाही. साउंड चिप बनवणाऱ्या रिअलटेकच्या ड्रायव्हरवर राग असेल तर काढून टाकायची गरज नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अपडेट ड्रायव्हर, मग संगणकावरच्या यादीतून निवड, आणि 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' घे. हा मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर. त्यावर तडतड गेली तर दोष कुठला ते सांगायला नको.

यूएसबी हेडफोन किंवा बाहेरचा डीएसी असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेव. पेनड्राइव्हवर फाइल जाताना एखादा तुकडा खराब झाला तर पुन्हा पाठवला जातो. आवाजाला ती सोय नाही, गेलं ते गेलं. साध्या यूएसबी ऑडिओत दर मिलिसेकंदाला एक पॅकेट जातं, त्यात ४८,००० हर्ट्झला प्रत्येक कानाचे ४८ नमुने. एक पॅकेट हरवलं की एक टक् पक्कं. म्हणून मधला हब काढ, लांबलचक एक्स्टेंशन काढ, कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला थेट लाव.

हेडफोन बिनतारी असेल तर उलट: तिथे डाँगलला, म्हणजे यूएसबीत खोचायच्या छोट्या रिसीव्हरला, छोटी एक्स्टेंशन लावून कॅबिनेटपासून दूर आणणं हाच उपाय. यूएसबी ३ च्या पोर्ट आणि केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सुटतो. इंटेलने २०१२ साली याचा कागदच प्रसिद्ध केला होता. शेजारी बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असेल तर आधी ती हलव, वायफाय ५ गिगाहर्ट्झवर ने. मदरबोर्डच्या मागे वायफायचे अँटेना आवळलेत ना तेही बघ. ब्लूटूथही बऱ्याचदा त्यांच्यावरच चालतं आणि ते खोक्यातच राहून जातात. कॉल सुरू झाला की ब्लूटूथचा आवाज टेलिफोनसारखा चपटा होतो, ती मात्र तडतड नाही. माइक चालू झाला की हेडसेट बोलण्याच्या प्रोफाइलवर जातो, एवढंच.

आता विजेची बाजू. तुझ्या वर्णनावरून माझा पहिला संशय इथेच आहे, कारण हेडफोन पुढच्या जॅकला लावतोस असं तू लिहिलंयस. पुढच्या जॅकपासून एक बारीक वायर कॅबिनेटच्या आतून मदरबोर्डच्या तळाशी, दहातली एक पिन गाळलेल्या कनेक्टरपर्यंत जाते आणि वाटेत बहुधा ग्राफिक्स कार्डाच्या अंगाला घासूनच. गोंगाट उचलायला याहून चांगली जागा नाही. पिन मागच्या हिरव्या जॅकला लाव. किरकिर गेली तर पुढचा जॅक विसर, किंवा कॅबिनेट उघडून ती वायर कार्डापासून लांब, कडेने फिरव आणि कनेक्टर घट्ट दाब.

जॅक साफ करायचा तर संगणक बंद करून प्लग काढ. हेडफोनच्या पिनेला ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल थोडंसं लाव, जॅकमध्ये आठ-दहा वेळा फिरवत आत-बाहेर कर, दहा मिनिटं वाळू दे. आत कापूस घालू नकोस, धागे राहतात. टाचणीने खरवडू तर मुळीच नकोस. आतली पत्ती एकदा वाकली की लूज कॉन्टॅक्ट कायमचा. स्पीकरच्या नॉबला कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मार आणि बंद स्थितीत या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरव.

घूं असेल तर संगणक आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घे. दोन वेगवेगळ्या सॉकेटांतून अर्थिंगचं वेटोळं तयार होतं आणि मेन्सची ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण आत शिरते. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून ऐक, लगेच उलगडा होतो. वायरीत लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. काम करतो, पण स्वस्तातला बास खातो. जमत असेल तर ऑप्टिकल केबल उत्तम, तिच्यातून उजेड जातो, वीज नाही. अर्थची पिन तोडून घूं घालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस. घूं जाईल, पण पुढे कधी आत शॉर्ट झालं तर करंट अर्थमधून न जाता तुझ्या हातातून जाईल.

तेव्हा आज फक्त पिन मागच्या जॅकला लावून ऐक. तरीही झालंच तर लेटन्सीमॉन दहा मिनिटं चालवून यादीतली पहिली तीन नावं आणि त्यांचे आकडे लिहून पाठव, आणि तडतड एका कानात की दोन्ही, तेवढं विसरू नकोस.

घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझा,
विनय