उतार रस्त्याला की टायरला?

मा. संपादक, स. न. वि. वि.

गेल्या दसऱ्याला सुनेने नवी गाडी घेतली. हार, पेढे, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, सगळं यथासांग झालं. आठवड्याने साताऱ्याहून पुण्याला जाऊन आली आणि जेवताना म्हणाली, "बाबा, गाडी डावीकडे जाते. आणि ऐंशीच्या पुढे गेलं की तरंगल्यासारखं वाटतं."

माझी एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. ही दोन वेगळी दुखणी आहेत, हे तिच्या बोलण्यातच कळलं. गाडी ओढते तेव्हा हात सैल सोडला की दर वेळी त्याच अंगाला जाते. गाडी भरकटते तेव्हा कधी इकडे, कधी तिकडे, आणि सरळ रस्त्यावरही चालकाचे हात स्वस्थ बसत नाहीत.

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने गाडीला हात न लावताच निकाल दिला, "काका, आपल्याकडे रस्त्यालाच उतार असतो." खोटं नाही. पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्त्याला मीटरमागे दोन-अडीच सेंटिमीटर उतार ठेवतात आणि आपण डाव्या हाताने चालतो, त्यामुळे चांगली गाडीही किंचित डावीकडे कलते. पण याची शहानिशा करता येते. रविवारी पहाटे एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर मुलाला शेजारी बसवलं, मागेपुढे कुणी नाही हे बघून गाडी हळू वेगाने उजव्या अर्ध्या भागातून नेली. आता उतार उजवीकडे होता. गाडी तरीही डावीकडेच गेली, म्हणजे चढावर.

दुसऱ्या खेपेला त्यांनी अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवायच्या, मशीनवर घेतली. पडद्यावर सगळं हिरवं. अलाइनमेंट वॉरंटीत बसत नाही म्हणून पैसे घेतले. कागद मागितला तर त्यावर फक्त नंतरचे आकडे, आधीचे नाहीतच. "हवा बघितली होती का?" असं विचारलं, तर तो पुन्हा पडद्याकडे बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना, घरचा गेज लावला. पुढच्या दोन्ही चाकांत हवेचा दाब ४४ पीएसआय. चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३. कारखान्यातून निघालेली गाडी ट्रेलरवर आणि यार्डात उभी राहते, टायर दबू नयेत म्हणून त्यात हवा जास्त भरलेली असते. ती ग्राहकाला देण्याआधी कमी करायची असते. इथं ती कुणीच काढली नव्हती आणि त्याच हवेवर मशीनचा तो हिरवा दाखला घेतला होता. ३३ वर आणल्यावर तरंगणं जवळजवळ गेलं. ओढ मात्र तशीच.

मग पुढचे दोन टायर आपसात बदलले. दिशेचा बाण असलेले टायर असे बदलता येत नाहीत. यांच्यावर बाण नव्हता. त्याच रस्त्यावर पुन्हा नेली आणि हात सैल सोडला. गाडी उजवीकडे गेली! मुलगा म्हणाला, "हे काय आता?" मी म्हटलं, सापडलं. ओढ टायरबरोबर फिरली, म्हणजे दोष टायरचाच.

टायरच्या आतला तारांचा पट्टा बनवतानाच जरा एका अंगाला सरकला, तर टायर नकळत शंकूसारखा वागतो. स्टीलचा पेला आडवा टाकून ढकलून बघा, सरळ जात नाही, वळसा घेतो. अलाइनमेंटचं मशीन चाकाचे कोन मोजतं, टायरचा हा स्वभाव त्याला दिसत नाही.

टायर आपसात बदलूनही ओढ डावीकडेच राहिली असती, तर कोनांकडे वळलो असतो. त्यातही टो (चाकं पुढून एकमेकांकडे किती वळलीत ते) बिघडला की स्टिअरिंग वाकडं बसतं, गाडी भरकटते, टायर झिजतो. एका बाजूची ओढ सहसा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) किंवा कास्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) दोन्ही चाकांना सारखा नसल्याने येते. बऱ्याच लहान गाड्यांना पुढे टोच तेवढा फिरवता येतो. कॅम्बर-कास्टर चुकला असेल तर चाकाला धरणारा लोअर आर्म वाकलाय की तो ज्यावर बसतो ती सबफ्रेम सरकलीय हे गाडीखाली जाऊन बघावं लागतं. टो मोजायला आम्ही बसचं एकेक पुढचं चाक जॅकवर उचलून फिरवायचो, टायरच्या मधोमध खडू टेकवून रेघ काढायचो आणि दोन रेघांमधलं अंतर पुढून आणि मागून पट्टीने मोजायचो. त्याआधी किंग पिनचा, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचा, प्ले (ढिलेपणा) बघितला नाही तर हेडमेकॅनिक पाना हातातून काढून घ्यायचे. मशीन आलं, ही शिस्त गेली.

(शेजाऱ्यांची नवी गाडी 'आपोआप ओढते' म्हणून मला बोलावलं होतं. लेन असिस्ट (रस्त्यावरचे पट्टे बघून स्टिअरिंग आपणच वळवणारी सोय) चालू होतं आणि रस्त्यावर जुने-नवे पट्टे एकावर एक मारलेले. बटण बंद केलं, चहा घेतला, आलो.)

वितरकांकडे माझं मागणं मोठं नाही. तक्रार आली की आधी थंड टायरची हवा मोजून जॉबकार्डवर (कामाच्या नोंदीच्या कागदावर) लिहा, मग टायर आपसात बदलून बघा, मग मशीन. आणि कागदावर आधीचे आणि नंतरचे, चारही चाकांचे आकडे द्या. पहिल्या दोन कामांना अर्धा तास पुरतो.

सुनेला टायर बदलून मिळाला, तीन हेलपाटे आणि 'टायर आमचा नाही, टायर कंपनीचा' हे ऐकून झाल्यावर. त्या दिवशीच्या जॉबकार्डवर केलेलं काम असं लिहिलंय: 'जनरल चेकअप'.

— एक निवृत्त एसटी मेकॅनिक, सातारा