आप्पांच्या गोळ्यांबद्दल

चोपडा,
रविवार

प्रिय बाळ्या,

दोन महिने पत्र नाही, काय शिव्या घालायच्या त्या घाल. माझी शुगर आहे तशीच आहे.

काल आप्पांनी दुकानात येऊन पिशवी उलटी केली. अटॅकनंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या टिकाग्रेलॉरच्या पट्ट्यांत चौदा गोळ्या जादा. सकाळची घेतात, रात्रीची खिशात घालतात. "घेतली का दम लागतो रे भो." उपरण्यावर रक्ताचे ठिपके, नाक फुटलेलं.

दम लागणं हा त्याच गोळीचा दुष्परिणाम. पण दम हृदयाचाही असू शकतो, म्हणून आधी तपासणी. आणि 90 मिलिग्रॅमची ही गोळी दिवसातून दोनदाच लागते, कारण ती प्लेटलेटला, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशीला, कायमची चिकटत नाही. डोस चुकला की पकड सुटते, आणि स्टेंटला अजून दोनच महिने झालेत.

"पैशाकडे पाहू नका, भारीतली द्या" हे तुझंच. शाळेच्या सायकलीपासून तुझा हाच हट्ट! अरे, नेदरलँड्समध्ये 2020 साली सत्तरीपुढच्या, आप्पांसारखाच अटॅक आलेल्या 1002 रुग्णांवर पाहिलं: क्लोपिडोग्रेलवर, म्हणजे याच कामाच्या जुन्या स्वस्त गोळीवर, रक्तस्राव 18 टक्के, बहुतेक टिकाग्रेलॉरवरच असलेल्या दुसऱ्या गटात 24. आणि अटॅक, पक्षाघात, मृत्यू धरूनही स्वस्त गोळी मागे पडली नाही.

याच जातीच्या तिसऱ्या गोळीचं, प्रासुग्रेलचं, नावही काढू नकोस. 2019 ला आप्पांचं तोंड अर्धा तास वाकडं झालं होतं ना? तो छोटा पक्षाघातच, मग ती वर्ज्यच.

क्लोपिडोग्रेलचीही खोट आहे. यकृतात ती जागी व्हावी लागते, काहींच्यात होतच नाही, आणि आपल्याकडे असे लोक कमी नाहीत. त्यात आप्पा सकाळी अ‍ॅसिडिटीची ओमेप्राझोल घेतात, ते तिची वाट अडवतं. पँटोप्राझोल चालेल. गुडघ्यासाठीची डायक्लोफिनॅक मात्र मी काढूनच घेतली. अ‍ॅस्पिरिनसोबत ती म्हणजे पोटात रक्त. शी डांबरासारखी काळी झाली तर थेट दवाखाना.

मनाने बदल नाही. टिकाग्रेलॉरच्या शेवटच्या डोसनंतर साधारण 24 तासांनी क्लोपिडोग्रेल सुरू होते. पहिला डोस मोठा की थेट रोजचा 75 मिलिग्रॅमचा, ते रक्तस्राव पाहून डॉक्टर ठरवतील. तोवर दोन्ही वेळेची गोळी चालू. मी माईंना रात्री समोर उभं राहून द्यायला सांगितलंय.

स्वातीच्या बदलीचं कळलं. घर मिळालं का? पोराचे मार्क कळव.

बुधवारी आप्पांची तारीख आहे. फोनवर "भारी गोळी" म्हणू नकोस, ते ऐकतात. बामणोदची वांगी आली की धाडतो.

तुझा,
नाना