लिडेलवर लेख छान, पण टॉम व्हॅलन्स कुठाय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलवरचा लेख वाचला, मस्त होता. पण लिडेल धावण्याच्या जोडीला रग्बी खेळणारा, फुटबॉल नाही. स्कॉटलंडमधे फुटबॉल आणि अ‍ॅथलेटिक्स दोन्ही गाजवणारा माणूस त्याच्या चाळीस-पन्नास वर्षं आधी होऊन गेला आणि त्याचं नाव आपल्याकडे कोणी घेत नाही म्हणून हे पत्र. टॉम व्हॅलन्स, जन्म 1856.

ग्लासगोचा रेंजर्स क्लब 1872 ला काही पोरांनी मिळून काढला, त्या अगदी सुरवातीच्या टोळीतला हा, पुढे बरीच वर्षं कॅप्टन. सहा फुटाच्या वर उंची, बॅकला, म्हणजे बचावाला खेळायचा. पैसे वगैरे काही नाही हं, स्कॉटलंडमधे फुटबॉलरला उघडपणे पगार द्यायला परवानगीच 1893 ला मिळाली, तोवर सगळा हौसेचा मामला. स्कॉटलंडकडून 7 मॅच खेळला त्यातली फक्त एक हरला, तीसुद्धा 5-4 अशी. 12 मार्च 1881 ला ओव्हलवर इंग्लंडला 6-1 धुतलं तेव्हा बॅकला जोडी कोणाची, तर अँड्र्यू वॉटसन आणि व्हॅलन्स. वॉटसन म्हणजे गयानात जन्मलेला कृष्णवर्णीय खेळाडू आणि त्या दिवशीचा कॅप्टन, त्याच्यावर खरंतर वेगळा लेख हवा.

आणि त्याच 1881 मधे आपल्या व्हॅलन्सने लांब उडीत 21 फूट 11 इंचाचा स्कॉटिश रेकॉर्ड केला! वल्हवण्यातही पटाईत होता. तेव्हा फुटबॉल क्लबच स्वतःच्या मैदानावर अ‍ॅथलेटिक्सच्या स्पर्धा भरवायचे, त्यामुळे बॉल खेळणारा माणूस शर्यतीत उतरतो ह्यात कोणाला नवल वाटत नसे. ही पद्धत नंतरही टिकली, 1904 ला आल्फ्रेड श्रबने तासाभराच्या धावण्याचा विश्वविक्रम केला तो रेंजर्सच्याच आयब्रॉक्स मैदानावर.

1879 च्या स्कॉटिश कप फायनलचा किस्सा तर भारीच. व्हेल ऑफ लेव्हन ह्या क्लबशी 1-1 झाली, रेंजर्सचं म्हणणं आमचा दुसरा गोल उगाच नाकारला, तक्रार फेटाळली गेली तर हे लोक रिप्लेला, म्हणजे फेरसामन्याला गेलेच नाहीत, कप समोरच्यांना फुकटात. मला विचाराल तर रुसून बसायला नको होतं, कारण पुढे चॅरिटी कपात त्याच टीमला 2-1 ने हरवलंच की.

आता आपल्याशी संबंध. 1882 ला व्हॅलन्स आसामला चहाच्या मळ्यावर नोकरीला आला आणि तापाने असा काही आडवा झाला की परत जावं लागलं. मी स्वतः नोकरीत सहा वर्षं आसामात काढलीत, मलेरिया दोनदा झाला, त्यामुळे हे वाचताना अंगावर काटा आला, आणि हेही डोक्यात आलं की साहेबाला निदान परतीची बोट होती, मळ्यातल्या मजुरांनी कुठे जायचं. घरी गेल्यावर 1883 ला क्लबने त्याला प्रेसिडेंट केलं. नंतर हॉटेल धंद्यात पडला, चित्रंही काढायचा आणि ती रॉयल स्कॉटिश अ‍ॅकॅडमीत लागली. वारला 1935 मधे.

पुढच्या एखाद्या रविवारी ह्याच्यावर अर्धं पान तरी द्या. रेंजर्सच्या 1877 च्या टीमचा फोटो आहे, तो छापा म्हणजे झालं.

आपला,
एक जुना वाचक, पुणे