फेटाळलेल्या प्रस्तावानंतर

सांगली,
१४ जुलै

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. भोक पाडताना नग घट्ट धरून ठेवणाऱ्या, एवढे खपून आखलेल्या ड्रिलिंग फिक्श्चरचा प्रस्ताव साहेबांनी पुन्हा बाजूला सारला आणि त्याच आठवड्यात बढती तुझ्या हाताखाली शिकलेल्या मुलाला मिळाली, हे वाचून मलाही राग आला. पण त्याहून खटकले ते तुझे शेवटचे वाक्य, ‘बहुधा माझ्यातच दम नाही.’ एका फाइलवरून स्वतःचा निकाल लावण्याची ही घाई मला मान्य नाही.

मला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवले. मोठ्यांच्या गोष्टी नकोत, असे तू म्हणशील. म्हणून त्यांचे वैभव बाजूला ठेवून फक्त अडचणींचा काळ सांगतो. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, तर काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत असे लक्षात आले. मग यांत्रिक रेखाटनाकडे वळून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले, आणि तेथे बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली. हे वाचून लगेच राजीनामा लिहायला बसू नकोस. नोकरीत असतानाच ते मुंबईहून सायकली पाठवत आणि बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा त्या विकत. पाय टेकायला जागा तयार होती. तुला सध्या घराचे हप्ते फेडायचे आहेत.

तुझ्या कामाचा भाग पुढेच आहे. कडबा कापण्याच्या यंत्रांपाठोपाठ लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर केला, पण लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे शेतकरी त्याला हात लावीनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे असते, पण त्याची बाजूही पाहा: लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करून देई, लोखंडी नांगराला मात्र रोख रक्कम मोजावी लागे, आणि तो मध्येच मोडला तर पेरणी चुकण्याची धास्ती होतीच. अशा माणसाला व्याख्यान देऊन पटत नाही, नांगर त्याच्या वावरात चालावा लागतो. लक्ष्मणरावांचा विश्वासही, मला वाटते, वस्तू आपल्या हाताने घडवून पारखण्यातून आलेला होता. आरशासमोर उभे राहून ‘मी करू शकतो’ म्हणायला लावणाऱ्या त्या शिबिरांवर माझा काडीचाही भरवसा नाही, हे तुला ठाऊकच आहे.

पुढे नगरपालिकेच्या योजनेमुळे बेळगावच्या कारखान्याची जागाही गेली. औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि तेथे १९१० मध्ये कारखाना नव्याने उभा राहिला. पुण्याच्या गाडीतून ते स्टेशन आता किर्लोस्करवाडी म्हणून लागते.

आता तुझ्या साहेबांना त्या शेतकऱ्याच्या जागी धरून बघ. फिक्श्चर बदलायचे म्हणजे उत्पादनाची लाइन थांबणार, मालाचा डिस्पॅच चुकला तर वरून बोलणी त्यांना बसणार, आणि तुझ्या प्रस्तावात सगळे गणित वर्षाअखेरच्या बचतीचे आहे; पहिल्या दिवशी काय होईल यावर एक ओळ नाही. म्हणून लाइन न थांबवता, एकाच मशीनवर, रात्रपाळीत कामाचा ताण कमी असताना चाचणी घेऊ द्या, एवढेच मागून बघ. जुने फिक्श्चर शेजारी तयार ठेव, म्हणजे बिघडले तर लगेच परत चढवता येईल. जो ऑपरेटर रोज ते भोक पाडतो, त्याला क्लॅम्प आवळायला कोठे अडचण होते ते आधी विचार, आणि रिजेक्ट झालेल्या नगांची नोंद त्याच्याच हाताने वहीत करवून घे. तुझ्या रंगीत आलेखांपेक्षा साहेब त्या तेलकट वहीवर लवकर विश्वास ठेवतील.

बढतीचे मात्र वेगळे आहे. तो अन्याय असेल तर वहीने भरून येणार नाही; त्याबद्दल शांतपणे, लेखी कारण विचार आणि उत्तर जपून ठेव. दोन्ही गाऱ्हाणी एका अर्जात घालू नकोस.

रविवारी मी घरीच आहे. फिक्श्चरचे ड्रॉइंग पाठव. क्लॅम्पची बाजू मला अजून नीट कळलेली नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश